आत्तीच्या बांधावरची अळंबी यंदा आलीच नाही

भुदरगडी (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. लई दिवसांनी धागा काढतोय, शुद्धलेखनाला हसू नका.

माझ्या आत्तीचं गाव राधानगरी रोडला, आतल्या अंगाला. ऊस, खाली थोडं भात आणि दोन्हीच्या मधल्या बांधावर एक वारूळ, माझ्या छातीएवढं. मी चड्डीत फिरत होतो तेव्हापासून बघतोय, तरणा पाऊस निम्मा झाला की त्या वारळाभोवती अळंबी यायची म्हणजे यायचीच. आत्ती पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन जायची कारण उजाडलं की दुसरं कोणतरी हात मारणार. एकदा मी पण गेलेलो आणि मुळासकट काढू म्हणून खुरप्यानं उकरत बसलो. वर अंगठ्याएवढा जाड दांडा, खाली बारीक होत होत सुतळीएवढा, कोपरापर्यंत हात आत गेला तरी संपेना आणि मग तट्कन तुटला. आत्तीनं पाठीत धपाटा घातला, "मुळापातूर जाऊ नगंस, म्होरल्या साली खायाचं हाय का न्हाई?"

तर गेल्या उन्हाळ्यात आत्तीच्या थोरल्यानं जेसीबी आणून बांध सरळ केला, दोन सऱ्या जास्त बसल्या म्हणून खूश आहे. वारूळ गेलं. आणि यंदा तरणा गेला, म्हातारा गेला, आश्लेषा लागल्या तरी एक अळंबी नाही. आत्ती कुणाला काही बोलत नाही पण रोज सकाळी जाऊन बघून येते.

मी शहाणपणा करून धिंगरीचं (ऑयस्टर मश्रूमचं) स्पॉन म्हणजे बी, ते गव्हावर वाढवलेलं पिशवीतलं, आणून त्या जागेवर पसरलं. चार दिवसांत मुंग्यांनी गहू नेला, विषय संपला.

आता प्रश्न असा की ही अळंबी मुळात येते कुठून, दरवर्षी त्याच जागी का, आणि परत आणता येईल का. ऑफिसातला मित्र म्हणतोय मश्रूमचं बी हवेत सगळीकडं असतंय, जगात कुठं पण पाऊस पडला की उगवतंय. मग आमच्याच बांधावर घोडं कुठं पेंड खातंय?

तांबडा_पांढरा (रविवार, रात्री ९.३२)

वाचूनच भूक लागली लगा. अळंबी हळदीच्या पाण्यात दोनदा धुवायची, माती लई असते. हातानं उभी फाडायची, सुरी लावायची नाही. कांदा भरपूर, घरची चटणी, मीठ, आणि पाणी अजिबात नाही, तिचं तीच सोडते. ज्वारीची भाकरी. मटण मागं पडतंय त्याच्यापुढं, आणि हे मी कोल्हापूरकर असून लिहितोय याची नोंद घ्यावी.

शास्त्राचं जाणकार सांगतील, फुटाणे घेऊन बसलोय. गाव कुठलं म्हणालात?

राजारामपुरी_मावशी (रविवार, रात्री १०.०५)

आमच्या सासूबाई सांगायच्या की वीज कडाडली की जमीन तडकते आणि त्या फटीतून अळंबी वर येते. यंदा वळीव धड झालाच नाही, विजा कुठल्या आल्या? त्यामुळं आली नसेल. वारळाचा काय संबंध मला तरी कळत नाही. वाळवी उलट घर खाते.

चष्मिष्ट (सोमवार, सकाळी ७.४०)

भुदरगडी, तुमच्या आत्तींना नमस्कार सांगा, धपाटा बरोबर जागी बसला होता. मी हाच विषय शिकवतो, त्यामुळं लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

तुमची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस नावाची बुरशी. ती तुमच्या बांधावर उगवत नव्हती, ती वाळवीच्या शेतात उगवत होती. वारळाच्या आत खाली वाळव्यांनी करडे-पिवळट गोळे रचलेले असतात, अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले, हातात घेतले तर भुसभुशीत. कामकरी वाळव्या वाळका पाला, काटक्या, उसाचं पाचट खाऊन येतात, ते पोटातून एकदा जातं आणि विष्ठा म्हणून त्या गोळ्यावर थापलं जातं. त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातलं चिवट लिग्निन फोडायचं काम बुरशीकडं, पाचट वाहून आणायचं आणि जागा दमट-उबदार ठेवायचं वाळवीकडं. बुरशी खसखशीएवढे पांढरे दाणे धरते, वाळव्या ते खातात, जुना झालेला गोळा पण खातात. आणि तुम्ही जी "मुळी" शोधत कोपरापर्यंत गेलात ते मूळ नव्हेच, ती त्या गोळ्यापासून निघून जमीन फोडत वर आलेली दांडी. म्हणून अळंबी त्याच जागी. शेत तिथं, पीक तिथं.

धिंगरी मेलेल्या लाकडावर, काडावर राहणारी. तिचा वाळवीशी काही व्यवहार नाही, त्यामुळं तिला तिथं टाकून उपयोग नव्हता. उलट टर्मिटोमायसिसचे तंतू प्रयोगशाळेत वाढतात पण छत्री धरायला लावून त्याची शेती करणं अजून माणसाला जमलेलं नाही. वाळवीला जमतं.

मावशी, विजेची गोष्ट पण एकदम टाकाऊ नाही हां. जपानमध्ये इवाते विद्यापीठात शिताके मश्रूमच्या ओंडक्यांना कृत्रिम विजेचे झटके देऊन बघितले आणि पीक खरंच वाढलं. पण तिथं बुरशी ओंडक्यात आधीच पेरलेली होती. वीज बी घेऊन येत नाही.

आता ही शेती किती जुनी, तर माणसाची १०-१२ हजार वर्षांची, वाळवीची ३ कोटी वर्षांच्या आसपासची. आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलात सुरू झाली, आणि एकदाच. त्या एका घराण्यातून आज बुरशी पाळणाऱ्या वाळवीच्या ३३० च्या आसपास जाती झाल्यात, त्यातल्या एकीनंही शेती सोडलेली नाही, आणि बुरशीकडूनही कुणी वारूळ सोडून पळालेलं नाही. टांझानियात रुक्वा खोऱ्यात २.५ कोटी वर्षं जुन्या दगडात हे गोळे अश्मीभूत झालेले सापडले, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं.

राजारामपुरी_मावशी (सोमवार, सकाळी ८.१५)

म्हणजे आपण वाळवीच्या विष्ठेवरची भाजी खातो? सकाळी सकाळी सांगायलाच पाहिजे होतं का?

तांबडा_पांढरा (सोमवार, सकाळी ८.२०)

शेणखतावरची वांगी चालत्यात की मावशी. आणि हळदीच्या पाण्यात दोनदा धुवायची म्हटलं होतं मी.

आजरा_घनसाळ (सोमवार, दुपारी १.५०)

चष्मिष्ट सर, एक शंका. वारूळ काय जन्मभर राहत नाही, नवीन वारळं होतातच. मग तिथं बी कोण नेतं, राणी पदरात बांधून नेते का आपल्या म्हाताऱ्या माहेरून विरजण नेतात तसं?

चष्मिष्ट (सोमवार, दुपारी ३.०५)

विरजणाची उपमा उचलतोय, वर्गात वापरणार.

काही जातींत खरोखर तसंच. मायक्रोटर्मिस गटात राणी उडून जाताना बुरशीचं विरजण पोटात घेऊन जाते. पण बहुतेक जातींत, आपल्याकडं सर्रास दिसणाऱ्या ओडोंटोटर्मिसमध्येही, राजा-राणी रिकाम्या हातानं जातात. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे येतात ना, तीच ती वरात. पंख गळतात, जोडी जमिनीत शिरते, अंडी, मग पहिली कामकरी पोरं. ती मोठी होऊन बाहेर पाचट गोळा करायला निघायला काही आठवडे जातात, कधी दोन-तीन महिने. आणि नेमकी त्याच सुमाराला जुन्या वारळांवरची बुरशी छत्र्या उघडते. गुलाबीसर भुकटी, कोट्यवधी बीजाणू, गवतापाल्यावर पडतात. नवीन कामकरी पाल्याबरोबर ते उचलून घरी नेतात आणि तिथं पहिला गोळा लागतो.

म्हणजे अळंबी आपल्यासाठी येत नाही, शेजारच्या नवीन बिऱ्हाडासाठी येते. आपण मधल्यामध्ये हात मारतो. म्हणून निदान निम्मी तरी ठेवावी, आणि उघडून पसरलेली तर काढूच नये, तशीही ती चवीला गेलेली असते.

आजरा_घनसाळ (सोमवार, रात्री ८.३०)

थांबा थांबा. आमचे बाबा कॅलेंडरवर पेन्सिलनं काय काय लिहायचे, जुनी कॅलेंडरं माळ्यावर आहेत. आत्ताच काढून बसलोय. एका वर्षी ९ जूनच्या चौकोनात "किडे, दिवा बंद" आणि १८ जुलैला "अळंबी, दीड पाटी". दुसऱ्या वर्षी "किडे" १७ जूनला, अळंबी २६ जुलैला. तिसऱ्या वर्षीचं पान उंदरानं खाल्लंय. ४० दिवसाच्या आसपास येतंय बघा दोन्ही वेळा! बाबा हे का लिहायचे ते आत्ता कळलं, आम्हाला वाटायचं वीजबिलाचं काहीतरी आहे.

चष्मिष्ट (सोमवार, रात्री ८.४२)

ती कॅलेंडरं टाकू नका. खरंच सांगतोय. फोटो काढून ठेवा.

दगडी_चाल (मंगळवार, सकाळी ११.००)

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी भूशास्त्रवाला. आफ्रिकेत जन्म आणि भारतात वारळं, याचा सरळ अर्थ गोंडवन, तो दक्षिणेचा जुना महाखंड, नाही का? भारत आफ्रिका-मादागास्करला चिकटलेला होता, सुटून उत्तरेला आला, येताना वाळवी आणि अळंबी घेऊन आला. बेडकांच्या काही घराण्यांचं तसंच आहे.

चष्मिष्ट (मंगळवार, दुपारी १२.३०)

मोह होतो पण तारखा जुळत नाहीत, आणि हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे काय! भारत मादागास्करपासून सुटला ८.८ कोटी वर्षांपूर्वी. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ६.६ कोटी वर्षांचा. शेती सुरू झाली ३ कोटींच्या आसपास. म्हणजे पन्हाळ्याचा कडा त्या शेतीच्या दुपटीपेक्षा जुना आहे. तोपर्यंत भारत आशियाला येऊन टेकलेला होता. त्यामुळं ही मंडळी नंतर जमिनीच्या वाटेनं आली, आफ्रिका आणि अरबस्तान आशियाला जोडल्यावर. एकदा नाही, वेगवेगळी घराणी वेगवेगळ्या वेळी, निदान चार खेपा तरी झाल्या असं त्यांच्या वंशावळीवरून दिसतं.

मादागास्करचं तर फारच मजेशीर. मधे समुद्र, त्यामुळं तिथं बुरशी पाळणाऱ्यांपैकी एकच गट पोचला. कुठला असेल? मायक्रोटर्मिस. विरजण पोटात घेऊन फिरणारा. नवीन मुलखात बीजाणू कोण ठेवणार वाटेवर, ज्यांनी घरून नेलं ते तगले. अमेरिका-ऑस्ट्रेलियात टर्मिटोमायसिस नाहीच. अमेरिकेत तीच युक्ती पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या घराण्यानं वेगळ्याच बुरशीवर केली, स्वतंत्रपणे, आणि ती वाळवीच्याही आधी, ५ कोटी वर्षांहून जुनी.

बाकी छत्रीचा आकार स्वतः याहून कितीतरी जुना आहे. ब्राझीलमध्ये चुनखडीत एक भूछत्र सापडलं, पाचेक सेंटिमीटरचं, खालच्या पापुद्र्यांसकट छापलेलं, ११.५ कोटी वर्षांचं. २०१७ ला त्याचं वर्णन छापून आलं. मऊ वस्तू, एका दिवसात सडते, ती दगडात उतरली हेच नवल. आणि तुम्ही आम्ही भाजीवाल्याकडं बसवतो खरं पण बुरशी ही झाडांपेक्षा प्राण्यांची जवळची नातेवाईक. तिच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच.

तांबडा_पांढरा (मंगळवार, दुपारी १२.४५)

म्हणजे मटणाची चुलत बहीण. मी म्हणत होतोच.

गोंयकार_दादा (मंगळवार, सायंकाळी ६.१०)

आमच्याकडं वारुळाला रोयण म्हणतात आणि रोयणीवरची अळमी म्हटली की माणूस भाव विचारत नाही. रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसतात. पण लोक आता न उघडलेल्या कळ्याच उपटून आणतात, कारण त्याच महाग जातात. गोव्यातले बुरशीचे अभ्यासक नंदकुमार कामत कित्येक वर्षं हे जपा म्हणून कळवळून सांगतायत. वर तुम्ही नवीन बिऱ्हाडाचं लिहिलंत ते वाचून आज जरा चरकलो, कळ्या काढल्या तर बीजाणू सांडायचेच नाहीत की.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, रात्री ९.२०)

चंद्रपूर-गडचिरोलीकडं यालाच सात्या म्हणतेत. अन् बस्तरात गेलो होतो तर तिथं बोडा नावाचा एक प्रकार, छत्री नाहीच, मातीतल्या बटाट्यासारखे गोल गोळे, साल नावाच्या झाडांच्या जंगलातच निघतात म्हणे. तो कोल्हापूरच्या घाटात का नाही? पाऊस तर तुमच्याकडं आमच्यापेक्षा दाबून पडतो. गगनबावड्यात म्हणे वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर.

चष्मिष्ट (मंगळवार, रात्री १०.१५)

भुदरगडींच्या मित्राला हेच उत्तर द्यायचं होतं. पाऊस पुरत नाही, जोडीदार लागतो.

बोडा म्हणजे अस्ट्रियस गटातली बुरशी, ती सालाच्या मुळाला बाहेरून गुंडाळून राहते, झाडाला पाणी-फॉस्फरस देते आणि साखर घेते. साल नाही तर बोडा नाही. आपल्या घाटात अंजनी, जांभूळ, हिरडा. यातल्या बहुतेक झाडांची पण मुळाशी बुरशी असते पण ती मुळाच्या आत राहणारी, तिला छत्री फुटतच नाही. म्हणून दाजीपूरच्या रानात एवढा पाऊस पडून तुम्हाला दिसतात त्या बहुतेक छत्र्या एकतर पडक्या लाकडावरच्या, नाहीतर वारळावरच्या. आंबोलीला, भीमाशंकरला रात्री चमकणारी जी असते तीही कुजक्या काटक्यांवरची.

बीजाणू हवेत असतात हे खरं, पण बहुतेक काही मीटरच्या आतच पडतात, लांब जाणारे थोडे, आणि जाऊन त्यांना आपलं माणूस भेटायला पाहिजे. माणसानं रोपंच उचलून नेली की मग मात्र अख्खं बिऱ्हाड हलतं. युरोपातली अमानिटा फॅलॉइडिस, जगातली सगळ्यात जास्त माणसं मारणारी, अशीच ओकच्या आणि इतर झाडांच्या मुळांतल्या मातीतून कॅलिफोर्नियाला आणि ऑस्ट्रेलियाला पोचली. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, लहान पोरांच्या चित्रांतली, ती पाइनबरोबर न्यूझीलंडला गेली. आणि उलट्या दिशेनं, ऑस्ट्रेलियातली पिसोलिथस ही बुरशी निलगिरीच्या लागवडीबरोबर जगभर.

राजारामपुरी_मावशी (बुधवार, सकाळी ९.००)

विषारीचा विषय निघालाय म्हणून सांगते. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्यांनी बंगल्याच्या लॉनवर आलेली पांढरीशुभ्र मोठी अळंबी केली, दिसायला अगदी गावाकडच्यासारखी. लसूण काळा पडला नाही म्हणून बिनधास्त. दोन तासात तिघांना उलट्या, जुलाब, सलाईन. दवाखान्यात विचारलं नमुना आणलाय का, तर ह्यांनी भांडी घासून ठेवलेली. वाचले सगळे, पण त्यांचा मुलगा अजून पिझ्झ्यावरचा मश्रूम पण बाजूला काढतो.

चष्मिष्ट (बुधवार, सकाळी ९.४०)

लक्षणं आणि जागा बघता क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असण्याची शक्यता मोठी. हिरवळीवर येते, उष्ण प्रदेशात जगभर पसरली आहे. टोपी कापून रात्रभर पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली तर सकाळी हिरवट भुकटी दिसते. वारळावरचीची गुलाबीसर. पण हे बघून कुणी ठरवू नका की खायची का नाही.

लसूण, चांदीचा रुपया, तांदूळ, किड्यानं खाल्लीय म्हणजे चांगली, हे सगळं खोटं. दोन तासांत उलटी झाली तर एक प्रकारे नशीबच, अमानिटावालीला सहा-बारा तास काहीच होत नाही, मग पोट बिघडतं, मधे बरं वाटतं आणि तोपर्यंत यकृत गेलेलं असतं. शिजवून ते विष जात नाही. शंका आली की थेट दवाखाना, आणि उरलेली भाजी, सालं, माती, जे असेल ते डब्यात घालून बरोबर.

भुदरगडी (शनिवार, दुपारी ४.३०)

मंडळी, आज गावाकडं होतो. सगळं आत्तीला वाचून दाखवलं. विष्ठेचा भाग गाळून.

आता एक नवीनच. वारूळ होतं त्या जागी उसाच्या सरीत जमिनीतून काळ्या काड्या वर आल्यात. अळंबी नव्हे. बोटाएवढ्या उंच, काडेपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड, टोकाला पांढरट राख लावल्यासारखं, वाकवलं तर मोडत नाहीत, चामड्यासारख्या. पंधरा-वीस आहेत, वारळाची गोल हद्द होती तेवढ्यातच. आत्तीला वाटलं काहीतरी परत यायला लागलंय, हात लावू देईना. सर, काय आहे हे? फोटो टाकतोय.

चष्मिष्ट (शनिवार, सायंकाळी ५.५०)

फोटो बघितला. जेसीबीचा दात किती खोल गेला होता हे मी तुम्हाला विचारणारच होतो. नुसतं वरचं टेकाड गेलं तर वाळव्या परत बांधतात, राणीची कोठी खाली असते. पण याचं उत्तर मिळालं असं वाटतंय.

ही झायलेरिया, दुसरीच एक बुरशी. ती त्या गोळ्यांमध्ये आधीपासून असते, तणासारखी. वाळव्या जिवंत असेपर्यंत तिला डोकं वर काढू देत नाहीत, सतत साफसफाई चाललेली असते. वाळव्या मेल्या किंवा सोडून गेल्या की खालच्या बेवारस गोळ्यावर ती माजते आणि अशा काळ्या काड्या वर पाठवते. म्हणजे खाली शेत अजून आहे, कुळवाडी नाही.

आत्तींना कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

भुदरगडी (रविवार, सकाळी १०.२०)

सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलंच हुतं, अळंबी काळी कवा आस्ती?" आणि भांडी घासायला गेली.

मग थोरला मला घेऊन खालच्या अंगाला भाताच्या कडेला गेला. तिथं जुन्या सागाच्या बुंध्याला मातीचा ढिगारा आहे, गुडघ्याएवढा पण नाही, वरची माती ओली आणि ताजी. म्हणाला मागच्या वर्षी नव्हता. भोवती चार काठ्या रोवून सुतळी बांधलेली होती. कुणी बांधली विचारलं तर म्हणतोय म्हशी येत्यात इकडं.

तांबडा_पांढरा (रविवार, सकाळी १०.३१)

एक नंबर! पुढच्या वर्षी तरण्यात चक्कर टाकतो. गाव नक्की कुठलं म्हणालात?

भुदरगडी (रविवार, सकाळी १०.३३)

राधानगरी रोडला. आतल्या अंगाला.